अनोळखी ग्रहाचं सर्वेक्षण : राक्षस न घालता साहस रंगवता येतं का?

ध्रुवमत्स्य

नमस्कार मंडळी. टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळणारे, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत गोष्ट घडवणारे, इथे बरेच जण आहेत. तळघरं, ड्रॅगन, जादूगार यांवर भरपूर धागे निघालेत. मला बोलायचंय अंतराळातल्या साहसांबद्दल, त्यातही एकाच प्रकाराबद्दल : ज्या ग्रहावर आजवर कुणी पाऊल ठेवलेलं नाही, त्याचं सर्वेक्षण.

आमचा कंपू दादरला एका जुन्या वाड्यासारख्या घरात जमतो आणि आम्ही ट्रॅव्हलर खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा खेळ मार्क मिलर यांचा, १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढलेला. वेगळे फासे लागत नाहीत, लुडोतले सहा बाजूंचे दोन पुरतात. दोन्ही टाकायचे, पात्राच्या कौशल्याचा आकडा त्यात मिळवायचा, बेरीज आठ किंवा जास्त झाली की काम फत्ते. कौशल्याची भर नसेल तर ही शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे निम्म्याहून कमी. आणखी एक नियम या प्रकारच्या साहसाला फार उपयोगी पडतो. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण आठवडा लागतो आणि निरोपही जहाजातूनच जातो, त्याहून जलद संदेश नाही. म्हणजे सर्वेक्षणाला गेलेलं जहाज अडकलं तर त्याची कुणाला खबरसुद्धा नसते.

या खेळात प्रत्येक ग्रहाची ओळख एका ओळीत लिहितात. माझ्या ग्रहाची ओळ अशी : एक्स५५४०००-०. पहिलं अक्षर अवकाशतळाचं (एक्स म्हणजे तळच नाही), मग आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, शासन, कायदा, आणि शेवटी तंत्रज्ञान. आकार ५ म्हणजे व्यास ८००० किलोमीटर, हवा ५ म्हणजे विरळ पण श्वास घेता येईल अशी, पाणी ४ म्हणजे साधारण ४० टक्के पृष्ठभाग. पुढे सगळी शून्यं, कारण तिथे कुणी नाही.

आता माझं म्हणणं. बहुतेक जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) सेन्सरसाठी फासे टाकायला लावतात, आठ आले की ही अख्खी ओळ खेळाडूंच्या हातात ठेवतात आणि उरलेलं सेशन गुहेतल्या कुठल्यातरी जनावराशी मारामारीत जातं. मला हे मनापासून खटकतं. त्या ओळीतला एकेक आकडा खेळाडूंनी कमवायला हवा. ग्रह कळत जाणं हेच साहस आहे, बाकी सगळं त्याच्या वाटेवर येतं.

त्यासाठी मी वेळ हा शत्रू केला. चौघांचं पथक, शंभर टनी स्काउट जहाज, ३० दिवसांची रसद. आता हिशोब बघा. ३०० किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय कक्षेत फिरायचं तर या ग्रहाभोवती एका फेरीला साधारण १११ मिनिटं लागतात. कॅमेरा ५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. विषुववृत्ताचा घेर २५,००० किलोमीटर, म्हणजे ५०० पट्टे. कॅमेऱ्याला उजेड लागतो, त्यामुळे फेरीला एकच पट्टा हाती येतो. ५०० फेऱ्या म्हणजे साडेअडतीस दिवस. रसद आहे तीस दिवसांची! रडार वापरलं तर रात्रीची बाजूही मिळते आणि वेळ निम्म्यावर येतो, पण रडारला रंग दिसत नाहीत, झाडोरा आहे का हे थेट कळत नाही. शिवाय खाली उतरायला दिवस राखायचे आहेत. म्हणजे काय बघायचं नाही हे पथकालाच ठरवावं लागतं. आमच्याकडे यावर झालेला वाद कुठल्याही लढाईपेक्षा जास्त रंगला.

नकाशा वीस त्रिकोणांचा, पुठ्ठ्यावर. घडी घातली की गोल होतो. ट्रॅव्हलरमध्ये ही पद्धत जुनीच आहे. पूर्ण कोरा देतो, पेन्सिल खेळाडूंच्या हातात. मी स्वतः त्यावर एक रेघ ओढत नाही.

तुम्ही अशी साहसं चालवली आहेत का? कुठे अडलात? माझ्या मांडणीत काय कमी वाटतंय, मोकळेपणाने सांगा.

शेवटची_लोकल

धागा आवडला. पण एक शंका आहे. मी डोंबिवलीत कॉलेजच्या पोरांसाठी खेळ चालवतो. त्यांना आकडेमोड दिली की दहाव्या मिनिटाला मोबाईल बाहेर येतात. सगळेच जण विज्ञानाचे नसतात. सर्वेक्षणात धोका नसेल तर ताण कुठून आणायचा? राक्षस हा शॉर्टकट आहे हे मान्य, पण तो काम करतो.

मृगशीर्ष

मी ध्रुवमत्स्य यांच्या टेबलावर खेळते, जहाजाची नॅव्हिगेटर. मी कॉमर्सची आहे, बारावीनंतर फिजिक्सशी संबंध नाही. तरीही त्या रात्री ताण कुठून आला ते सांगते.

आम्ही एका सरोवराच्या काठी उतरलो. उतरताना यान आदळलं, पण सगळे दिवे हिरवे. जीएमनी मोजयंत्राचे आकडे वाचून दाखवले : गुरुत्व पृथ्वीच्या ०.५२, ऑक्सिजन पुरेसा, दाब कमी पण चालेल असा. आमचा डॉक्टर हेल्मेट काढायच्या बेतात होता. मला तो ०.५२ खटकला, कारण कक्षेत असताना फेरीच्या वेळेवरून आम्हीच ०.४५ काढलं होतं आणि ते माझ्या वहीत होतं. मी विचारलं, दुसऱ्या कशाने मोजता येईल? जीएम म्हणाले, यानात दोरी आहे, वजन आहे, घड्याळ आहे.

मग त्यांनी खरंच घरातलं पितळी २०० ग्रॅमचं वजन आणलं आणि सुतळीने झोपाळ्याच्या कडीला टांगलं. कडीपासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. मी मोबाईलवर वेळ लावली. दहा झोके, वीस सेकंद. "हे दादर," जीएम म्हणाले, "तिथे त्याच दहा झोक्यांना तीस लागतायत."

वीस भागिले तीस, त्याचा वर्ग. नऊ भागिले चार नव्हे, चार भागिले नऊ. ०.४४. म्हणजे वही बरोबर आणि यंत्र चुकीचं. खोलीत दोन क्षण कुणी बोललं नाही, कारण ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्याच पेटीत होता. डॉक्टरचा हात हेल्मेटच्या खटक्यावरच होता.

त्यानंतरचा अख्खा तास आम्ही फक्त एवढंच शोधत होतो की हवेचा आकडा खरा आहे का. शेवटी इंजिनिअरने यानातली, जिचं प्रमाण आम्हाला ठाऊक आहे ती हवा पिशवीत भरून त्याच यंत्राला दिली. यंत्राने २१ ऐवजी २७ टक्के दाखवलं. म्हणजे बाहेरचा "पुरेसा" ऑक्सिजन प्रत्यक्षात पुरेसा नव्हता. कुठलाही राक्षस त्या तासाची बरोबरी करणार नाही असं मला वाटतं.

काळापाषाण

व्वा मृगशीर्ष, अंगावर काटा आला. लंबकाच्या जोडीला कक्षेतून आलेलं गुरुत्व असल्यामुळे आणखी एक गोष्ट फुकटात मिळते बघा. मी भूशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही.

व्यास ८००० म्हणजे पृथ्वीच्या साधारण पाच अष्टमांश. घनता पृथ्वीइतकी असती तर गुरुत्व ०.६३ च्या आसपास यायला हवं होतं. आलंय ०.४५. म्हणजे सरासरी घनता ३.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, जवळजवळ मंगळाइतकी. पृथ्वीची ५.५ आहे. लोखंडाचा गाभा लहान असण्याची शक्यता मोठी. पथकाने जमिनीवर एक खडक उचलायच्या आधीच ग्रहाच्या पोटातलं काहीतरी कळलं.

आता माझी खरी अडचण. या ग्रहाचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, ५.९ किलोमीटर प्रति सेकंद येतो. मंगळाचा ५.०. मंगळाची हवा कशी उडून गेली ते आपल्याला माहीत आहे. नासाचं मेव्हन यान २०१४ ला तिथे पोहोचलं आणि सौरवात, म्हणजे सूर्याकडून वाहणारा कणांचा झोत, मंगळाची हवा सेकंदाला साधारण १०० ग्रॅम या वेगाने अजूनही नेतोय असं त्याने मोजलं. मग तुमच्या ग्रहाकडे हवा उरली कशी? आणि ऑक्सिजन तर खडकांशी संयोग पावून संपत जातो. तो हवेत टिकून असेल तर कुणीतरी सतत तयार करतंय. हे ठरवून केलंय की फासे पडले म्हणून झालंय?

ध्रुवमत्स्य

काळापाषाण सर, आकडे फाशांनीच आले. पण ते तसे आल्यावर तुम्ही विचारलेला प्रश्न मलाही पडला आणि अख्खं साहस त्यावरच उभं राहिलं. आमची मंडळी हा धागा वाचतात, त्यामुळे उत्तर इथे देता येणार नाही. एवढंच सांगतो की पथकाने कक्षेत असताना दक्षिण गोलार्धातला एक भाग ढगांमुळे सोडून दिला, आणि ते ढग दर फेरीला त्याच जागी होते.

शेवटची_लोकल, तुमच्या शंकेबद्दल. आकडेमोड पोरांच्या गळ्यात मारू नका, ती तुम्ही करून ठेवा. त्यांच्यासमोर फक्त दोन न जुळणारे आकडे ठेवा. कुठल्या आकड्यावर जीव टाकायचा हा प्रश्न आला की कॉमर्सवाला काय आणि आर्ट्सवाला काय, सगळे पुढे सरकून बसतात. मी "हवा चांगली आहे" असं कधीच सांगत नाही. यंत्र काय म्हणतंय ते सांगतो आणि यंत्राची तब्येत कशी आहे तेही.

मृगशीर्ष

ढग त्याच जागी होते?! हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

ध्रुवमत्स्य

फोटो सगळे दिले होते. एकापुढे एक लावून बघा.

खाडीकाठ

मस्त चाललाय धागा. माझ्याकडून पाण्याबद्दल. मी बंदराच्या कामासाठी खोली मोजणाऱ्या बोटीवर बरीच वर्षं काढली आहेत, घरचे वर्सोव्याचे.

४० टक्के पाणी आहे म्हणता, पण ग्रहाला चंद्र आहे की नाही ते कुठेच आलेलं नाही. चंद्र असेल तर भरती-ओहोटी आलीच, आणि ती आली की "किनारा कुठे आहे" हा प्रश्नच अवघड होतो. मुंबईत दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. आपल्याकडचे किनारे सपाट, तिथे पाणी कुठल्या कुठे जातं. ओहोटीला काढलेला नकाशा आणि भरतीला काढलेला नकाशा ही दोन वेगळी गावं वाटतील. म्हणून आम्ही खोली लिहिताना आधी पातळी ठरवतो आणि सगळी मापं तिच्यापासून लिहितो. मुंबईच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे, तेव्हा कुठे इतक्या खात्रीने बोलता येतं. तुमच्या पथकाकडे ३० दिवस आहेत. त्यात भरतीचं जेमतेम एक चक्र समजेल.

खेळात वापरायचं तर असं करा. पथक सपाट किनाऱ्यावर उतरतं, जमीन कोरडी दिसते, ओल्या रेषेकडे कुणी बघितलं का ते विचारूच नका. ज्याने बघितलं असेल तो वाचेल.

आणि सरोवराची खोली मोजायला सोनार नसला तरी चालतं. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी. तळ लागला की चरबीला वाळू, चिखल, शिंपलं जे असेल ते चिकटून वर येतं. जुने दर्यावर्दी वाव (खोलीचं जुनं माप) मोजता मोजता तळाचा नमुनाही घ्यायचे. सोनारला खोली सापडेल पण शिंपला नाही सापडणार. आता विचार करा, कुणीच राहत नसलेल्या ग्रहावर त्या चरबीला एक शिंपला चिकटून आला तर?

शेवटची_लोकल

खाडीकाठ दादा, हे शेवटचं मी उचलतोय. पोरांना परवाच्या रविवारी हेच देतो.

निळासावळा

+१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

ओसाडवाडी

इतके दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यासाठी लिहितोय. चुंबकीय मोजणीबद्दल कुणी बोललं नाही आणि आपल्या मुंबईतच त्याची इतकी छान गोष्ट आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी १८४१ पासून व्हायची. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने उपकरणांची नोंद बिघडणार, म्हणून चुंबकीय विभागच अलिबागला हलवला. तिथलं काम १९०४ ला सुरू झालं. सुंदर गोष्ट अशी की जुनी जागा लगेच बंद केली नाही. दोन्हीकडे दोन वर्षं एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळेल. ट्राम १९०७ ला धावली. त्या काळजीमुळे आज आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षांची सलग नोंद आहे.

तुमच्या पथकाला हे लागू करा. जहाज म्हणजे हजारो अँपिअर वाहणारा लोखंडाचा डोंगर. यानाच्या सावलीत चुंबकमापक लावला तर यानाचंच क्षेत्र मोजलं जाणार. ते उपकरण कुणालातरी पायी दूर न्यावं लागेल, आणि दूर म्हणजे रेडिओच्या टप्प्यातही कदाचित नसेल. इथे साहस आपोआप तयार होतं.

काळापाषाण सरांच्या गाभ्याच्या मुद्द्याला एक पुरवणी. नुसत्या घनतेवरून चुंबकीय क्षेत्र आहे की नाही ते ठरवू नका. बुधाला क्षेत्र आहे, पण फार दुबळं. शुक्राची घनता जवळजवळ पृथ्वीइतकी, तरी त्याला स्वतःचं क्षेत्र नाही, आणि हवा मात्र पृथ्वीच्या नव्वद पट दाबाची. त्यामुळे जाऊन मोजल्याशिवाय इलाज नाही.

काळापाषाण

शुक्राचा मुद्दा अगदी मान्य. शनीचा चंद्र टायटनही विसरून चालणार नाही. मुक्तिवेग फक्त २.६, तरी हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, कारण तिथे उणे १७९ अंशांची थंडी आहे. हवा टिकणं हे गुरुत्व, तापमान, ताऱ्याचा स्वभाव आणि आतून होणारा पुरवठा या सगळ्यांवर ठरतं. ध्रुवमत्स्य, तुमच्या त्या न हलणाऱ्या ढगांखाली काय असावं याचा मला अंदाज आलाय, पण मृगशीर्ष वाचतायत म्हणून थांबतो.

आणखी एक सुचवतो. खेळाडूंना खडकाचं वर्णन करता यायला हवं, नाहीतर "काळा दगड" यापलीकडे नोंद जात नाही. अंधेरीला गिल्बर्ट हिलला घेऊन जा एकदा. बेसॉल्टचे साठ मीटर उंच उभे स्तंभ, वय साधारण ६.६ कोटी वर्षं, आणि चारी बाजूंनी इमारती. लाव्हा सावकाश निवत गेला की असे बहुकोनी स्तंभ पडतात. ज्याने ते एकदा जवळून पाहिलेत त्याला परग्रहावर तसे स्तंभ दिसले तर तो लगेच म्हणेल, इथे कधीकाळी लाव्हाचा जाड थर हळूहळू थंड झाला होता. हे ज्ञान फाशातून मिळत नाही.

सोनचाफा

सगळे मोजण्याबद्दल बोलताय, मला मोजायला जाण्याबद्दल बोलायचंय. तो शिंपला सापडला तर पुढे काय?

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात हे आहे की इतर खगोलांचं घातक दूषण होऊ नये अशा रीतीने संशोधन करायचं. नासाची व्हायकिंग यानं १९७६ मध्ये मंगळावर उतरली, ती आधी भट्टीत तापवून निर्जंतुक केली होती. एवढं करूनही उत्तर स्वच्छ मिळालं नाही. एका प्रयोगात मातीला पोषकद्रव्य दिल्यावर वायू निघाला, जीव असल्यासारखा. दुसऱ्या उपकरणाला मातीत जीवसृष्टीचा पुरावा ठरावा असे सेंद्रिय रेणू दिसले नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते रसायनांचं काम मानलं, पण वाद पूर्ण मिटलेला नाही.

तुमच्या पथकाने यानातली हवा पिशवीत भरून बाहेर यंत्राला दिली म्हणता. त्या पिशवीत चार माणसांच्या श्वासातले जंतू होते. सरोवराच्या काठावर. मला खेळात हे हवंय की पुढच्या फेरीत तिथे काहीतरी जिवंत सापडावं आणि पथकाला हे सांगताच येऊ नये की ते ग्रहाचं आहे की आपलं.

मृगशीर्ष

सोनचाफा, हे वाचून मी खरंच खाली बसले. पिशवी आम्ही तिथेच फोडली होती.

ध्रुवमत्स्य

सोनचाफा ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं आणि आता हे खेळात येणारच. उत्तर मी आधी ठरवून ठेवणार नाही. त्यांनी उतरण्यापूर्वी काठावरच्या चिखलाचा नमुना घेतला असता तर तुलना करता आली असती. तो घेतला होता की नाही ते त्यांच्या नोंदवहीत बघू.

खाडीकाठ दादा, चंद्र आहे. एकच, लहान, पण जवळ. भरतीचा तक्ता बनवायला तुमची मदत लागेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ओसाडवाडी, दोन ठिकाणी एकाच वेळी नोंद घेण्याची कल्पना मी अशी वापरणार : पथक निघताना एक उपकरण मागे सोडेल आणि पुढचं जहाज येईपर्यंत ते एकटंच मोजत राहील. त्यामुळे ते कुठे ठेवायचं यावर शेवटचं सेशन होईल.

शेवटची_लोकल

रविवारी चालवलं. वजनाचा लंबक केला, वर्गातल्या पंख्याच्या हुकाला. मोबाईल बाहेर आले, पण वेळ मोजायला. दोघांनी आपापसांत वेगळे आकडे काढले, तिसऱ्याने फळ्यावर सरासरी काढली. शिंपल्यापर्यंत पोहोचलोच नाही, सरोवराच्या काठावरच चार वाजले. एक प्रश्न : एका मुलाने विचारलं की दोरी लांब घेतली तर मोजमाप अधिक बरोबर येईल का? मला खात्रीने सांगता आलं नाही.

काळापाषाण

येईल. दोरी चौपट केली की झोक्याचा वेळ दुप्पट होतो, म्हणजे बटण दाबण्यातली तेवढीच चूक निम्म्या वजनाची ठरते. त्याहून सोपं म्हणजे दहाऐवजी पन्नास झोके मोजा. फक्त झोका लहान ठेवा, मोठ्या कोनात सूत्र जरा हटतं. आणि त्या मुलाला नॅव्हिगेटर करा.

निळासावळा

कोऱ्या नकाशाची पीडीएफ कुणी देईल का? वीस त्रिकोणवाली.

ध्रुवमत्स्य

मोबाईलवर उघडेल अशी बनवतो, दोन दिवस द्या. छापताना ए३ कागद घ्या, ए४ वर त्रिकोणांतली षटकोनी घरं फार बारीक येतात. आणि एक लक्षात ठेवा, जिथे पाच त्रिकोण एकत्र येतात त्या बारा कोपऱ्यांवर षटकोनाऐवजी पंचकोन होतो. खेळाडूंना तिथून चालायला लावलं तर दिशा मोजताना गोंधळ होतो, म्हणून उतरण्याची जागा कोपऱ्यापासून लांब ठेवा.